मांजर लंगडत नाही, तरी तिचे सांधे दुखत असतील का? मोबाइलने असं ओळखा

घरातली मांजर म्हातारी झाली की दिवसभर झोपून राहते, उड्या कमी करते, पाठीवरून हात फिरवला की फिस्कारते. घरातले म्हणतात, "वय झालं तिचं." वय झालेलं असतंच, पण त्या झोपेमागे बरेचदा सांधेदुखी असते आणि तिच्यावर उपचार होऊ शकतात. ती पकडायला महागडं गॅझेट लागत नाही. खिशातला मोबाइल पुरतो, फक्त कशाचा आणि कसा व्हिडिओ काढायचा हे माहीत हवं.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या डॉक्टरांनी १२ वर्षांपेक्षा मोठ्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले होते. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. १०० पैकी ९० मांजरांत झीज दिसली. एक्स-रेत झीज दिसली म्हणजे दुखतंच असं नाही, तरीही आकडा मोठा आहे. मग इतकी मांजरं लंगडताना का दिसत नाहीत? कारण मांजरांत बरेचदा दोन्ही बाजूंचे सांधे एकदम धरतात, दोन्ही कोपरं किंवा दोन्ही खुबे. लंगडायचं म्हटलं तर भार टाकायला चांगली बाजू तर हवी! त्यामुळे मांजर ते काम करणंच सोडून देते.

आमच्या कोथरूडच्या घरी ठमी आहे, वय १४. ती गोदरेजच्या कपाटावर झोपायची. मग दिवाणावर झोपायला लागली, मग दिवाणाखाली. ओरडणं नाही, लंगडणं नाही, खाणं व्यवस्थित. मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचते, त्यामुळे मला हे ओळखीचं वाटलं. सिस्टीम क्रॅश होत नाही, एरर येत नाही, एकेक फीचर गुपचूप बंद पडत जातं.

म्हणून "दुखतंय का?" असं विचारण्यापेक्षा "काय करायचं बंद झालं?" हे विचारा. त्याच युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांजरांच्या मालकांसाठी सहा कामांची चेकलिस्ट मांडली: वर उडी मारणं, खाली उडी मारणं, जिना चढणं, जिना उतरणं, धावणं आणि हलणाऱ्या वस्तूमागे पळणं. यातलं एक जरी पूर्वीसारखं होत नसेल तरी डॉक्टरांशी बोला. आणखी दोन खुणा मी स्वतः बघते. शेपटीच्या वरच्या भागात केसांच्या गुठळ्या, कारण वळून चाटणं जमत नाही. आणि फरशीवर नखांचा टकटक आवाज, कारण नखं घासणं बंद झालेलं असतं.

व्हिडिओ कसा काढायचा?

मोबाइल जमिनीलगत, मांजरीच्या उंचीवर आणि तिच्या बाजूने धरा. वरून काढलेल्या व्हिडिओत पाय दिसतच नाहीत. चालण्यासाठी साधा मोड चालेल. उडीसाठी मात्र स्लो-मोशन लावा. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम्स असतात, म्हणजे दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंदांचं अंतर. उडीचा नेमका क्षण त्या फटीत निसटतो. २४० फ्रेम्सवर हेच अंतर जेमतेम ४ मिलिसेकंद होतं. खोलीत उजेड भरपूर हवा, नाहीतर चित्र काळवंडतं. आणि एक पुणेरी अडचण: नव्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर धडधाकट मांजरही घसरते. त्यामुळे खाली सतरंजी किंवा योगा मॅट घाला.

मग व्हिडिओ सावकाश बघा. एका झेपेत वर न जाता ती थांबून अंदाज घेते का? आधी पुढचे पाय टेकवून मागचं अंग ओढून घेते का? उतरताना पुढचे पाय कडेवरून शक्य तितके खाली सरकवून मगच उडी टाकते का? जिन्यावर मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलते का?

हा खटाटोप कशासाठी, तर कर्वे रोडच्या ट्रॅफिकमधून पिंजऱ्यात बसून आलेली मांजर दवाखान्याच्या टेबलावर दगडासारखी बसते. तिथे ती डॉक्टरांना चालून दाखवणार नाही. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर कॉम्प्रेशनमध्ये नेमके बारकावे जातात. पुढच्या मोठ्या तपासण्या लागल्या, तर मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं हॉस्पिटल सुरू झालं आहे. पण घाबरलेल्या म्हाताऱ्या मांजरीला एक्सप्रेसवेवरून न्यायचं की नाही, हे ठरवायलाही आधी हाच व्हिडिओ कामाला येतो.

चेहरा वाचणारे एआय अ‍ॅप चालेल का?

कॅनडातल्या मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या टीमने २०१९ मध्ये 'फेलाइन ग्रिमेस स्केल' प्रसिद्ध केली. कान, डोळे, तोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण, प्रत्येकाला ० ते २ गुण. १० पैकी ४ किंवा जास्त आले तर वेदनाशामक द्यायचा विचार करायचा. या कल्पनेवर 'टेबली'सारखी फोटोवरून वेदना ओळखणारी अ‍ॅप्सही आली. पण ही स्केल तपासली गेली ती ऑपरेशननंतरच्या किंवा अचानक उठलेल्या दुखण्यावर. महिनोन्‌महिने मुरलेल्या सांधेदुखीत चेहरा शांत राहू शकतो. अ‍ॅपने 'सगळं ठीक' म्हटलं म्हणून गाफील राहू नका.

आपल्या डोळ्यांवर तरी किती विश्वास ठेवायचा? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संधिवाताच्या मांजरांचे दोन गट केले. एकाला मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक, दुसऱ्याला नुसतं प्लासिबो. तीन आठवड्यांनी दोन्ही गटांचे मालक म्हणाले, "फरक पडला!" खरा फरक कळला तो नंतर, मालकांना न सांगता औषध बंद केल्यावर. ज्यांना खरं औषध मिळत होतं, त्या मांजरांचं दुखणं परत आलेलं मालकांना दिसलं. आपण पैसे खर्च केले, काळजी घेतली, की बरं वाटतंय असं आपल्यालाच वाटायला लागतं. ए/बी टेस्ट केलेल्या कुणालाही हे पटेल. म्हणून तारखेसकट ठेवलेला व्हिडिओ मला आठवणीपेक्षा भरवशाचा वाटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला कधीही देऊ नका, अर्धी नाही, पाव नाही. हे औषध निकामी करणारं एन्झाइम मांजरीच्या यकृतात जवळपास नसतंच. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी ४ किलोच्या मांजरीचा जीव घेऊ शकते. माणसांच्या इतर पेनकिलर्सनाही हात लावू नका. वेदनाशामक द्यायचं का आणि किती, हे तिच्या किडनीची तपासणी करून डॉक्टर ठरवतील.

आणि अचानक मागचे पाय लुळे पडले, थंडगार लागले, मांजर जोरात ओरडत असेल, तर व्हिडिओ काढत बसू नका. ही पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतली गुठळी असू शकते. त्याच क्षणी निघा, मध्यरात्र असली तरी. टाचा जमिनीला टेकवून चालणं हे मधुमेहाचं, तर मान खाली पडून राहणं हे पोटॅशियम कमी झाल्याचं लक्षण असू शकतं. यात थोडा वेळ मिळतो, पण रक्ततपासणी लगेच करून घ्या.

उपचार चालू असताना घरात एवढं करा: दिवाणाशेजारी पाट किंवा छोटं स्टूल, लिटरसाठी बुटक्या कडेचा ट्रे, डिसेंबर-जानेवारीत खाली जुनी गोधडी. पहिला व्हिडिओ मात्र हे बदल करण्याआधीच काढून ठेवा. पुढचे व्हिडिओ दर तीन आठवड्यांनी, त्याच जागी, त्याच उंचीवर, आणि तुलनेपुरतं स्टूल बाजूला करून. ती उडी मारायला तयार नसेल तर आग्रह करू नका. 'आज मारली नाही' एवढीच नोंद तारखेसह ठेवा, डॉक्टरांना तीही उपयोगी पडते.