कागलची लेक आणि पोलादी खुर्ची

नव्या फ्लॅटचे काम निघाले, की घरमालक सुताराला हमखास सांगतो, "फर्निचर एकदम मॉडर्न पाहिजे बरं का!" मॉडर्न म्हणजे काय, असे विचारले की उत्तर मिळते : चकचकीत सनमायका, थोडी काच आणि स्टीलचे पाय. पण श्रोतेहो, मॉडर्न ही काही केवळ फॅशन नव्हे. तिच्यामागे एक विचार आहे, आणि त्या विचाराची एक वाट थेट आपल्या कागलवरून जाते.

आधी जुन्या श्रीमंती फर्निचरची आठवण करू. सिंहाच्या पंजांचे पाय, पाठीवर वेलबुट्टी, त्यावर मखमल. एकेका खुर्चीवर कारागिराचे महिनेच्या महिने जात. एकोणिसाव्या शतकात युरोपात यंत्रे आली आणि तीच नक्षी स्वस्तात उमटवू लागली. कारागिराची कला नाही, पण तिचा आव मात्र पुरेपूर! या खोटेपणाला काही विचारी माणसे कंटाळली. यंत्राला हाताची नक्कल करायला लावण्यापेक्षा यंत्राला जे उत्तम जमते तेच त्याच्याकडून करून घ्यावे, असे त्यांचे म्हणणे होते.

याचा धडा मायकेल थोनेट यांनी आधीच घालून दिला होता. त्यांनी बीचचे लाकूड वाफेवर मऊ करून वाकवले आणि 1859 साली एक खुर्ची बाजारात आणली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत आपण ज्या गोलसर पाठीच्या खुर्च्यांवर बसून बनमस्का खाल्ला, त्या याच कुळातल्या.

पुढे 1919 मध्ये वॉल्टर ग्रोपियस यांनी जर्मनीत वायमार येथे 'बाउहाउस' ही शाळा काढली. तिथे शिकलेला मार्सेल ब्रॉयर हा तेवीस वर्षांचा तरुण सायकलवरून फिरत असे. सायकलचे हँडल पोलादी नळी वाकवून होते, तर खुर्ची का होऊ नये, असे त्याच्या मनात आले. 1925 च्या सुमारास त्याने नळीची खुर्ची केली. त्या वेळी विनाजोड पोलादी नळी मिळू लागली होती, म्हणून हे साधले. सांध्याची नळी वाकवताना उसवण्याची भीती. पाइप वाकवताना तो चपटा होऊ नये म्हणून आत वाळू भरतात, हे आपल्या उद्यमनगरातल्या कारागिरांना सांगायला नको.

आता कागलकडे वळू. शाहू महाराज ज्या घाटगे घराण्यात जन्मले, त्याच घराण्यातील संयोगिताबाई 1924 साली इंदूरच्या यशवंतराव होळकरांशी विवाह करून होळकरांच्या सूनबाई झाल्या. यशवंतराव ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांची एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराशी ओळख झाली. या एकार्टचे वडील हर्मान यांनी 1907 मध्ये कलावंत आणि कारखानदार यांना एकत्र आणणारी 'वेर्कबुंड' ही संस्था स्थापण्यात पुढाकार घेतला होता. 1930 मध्ये राजा बावीसचा आणि रचनाकार सव्वीसचा! दोघांनी मिळून इंदूरचा माणिकबाग राजवाडा सजवायला घेतला.

तीनेक वर्षांत राजवाडा उभा राहिला. त्यात नक्षी नाही, झुंबरांची गर्दी नाही. आयलीन ग्रे यांची, जहाजाच्या डेकवरील आरामखुर्चीवरून बेतलेली 'ट्रान्झॅट' खुर्ची तिथे होती. ल कॉर्ब्युझिए, पिएर जानरे आणि शार्लोट पेरियाँ यांची पोलादी नळ्यांची आरामखुर्चीही होती. मात्र तिच्यावर बिबट्याचे कातडे! धातू आणि काचेचे पलंग, साधे रेखीव गालिचे, वातानुकूलन. युरोपातही ज्या वस्तू मोजक्या घरांत होत्या, त्या मराठी राजाच्या महालात आल्या. मॅन रे या प्रसिद्ध छायाचित्रकाराने या जोडप्याची छायाचित्रे काढली. त्यांत आपल्या मातीतली ही लेक पॅरिसच्या पोशाखात हसताना दिसते.

पण संसार फार टिकला नाही. 1937 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये संयोगिताबाईंचे निधन झाले, पंचविशीही गाठली नव्हती. यशवंतराव 1961 मध्ये गेले. 1980 साली माणिकबागेतील फर्निचर मोनॅकोच्या लिलावात विकले गेले आणि जगभर पांगले. राजवाड्यात पुढे केंद्रीय अबकारी खात्याचे कार्यालय आले. 2019 मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात या संग्रहाचे प्रदर्शन भरले, तेव्हा कुठे अनेकांना त्याचे महत्त्व उमगले.

इथे एक विसंगती मनाला टोचते. यंत्राने चांगली वस्तू स्वस्तात सर्वांना मिळावी, असे हे स्वप्न होते. आपल्याकडे मात्र ते इतक्या थाटात उतरले ते एका महालात. सामान्यांच्या घरात ते आले वेगळ्या दाराने. गोदरेजने 1923 मध्ये पोलादी कपाटे करायला सुरुवात केली. मग मंगल कार्यालयातली पाइपची घडीची खुर्ची आली. तिच्यावर बसून आपण किती लग्ने जेवलो! तिला कोणी डिझायनर म्हटले नाही, पण ब्रॉयरच्या कल्पनेची खरी वारसदार तीच.

आमच्या वडिलांची अशीच एक खुर्ची होती, पाइपची, निवारीने विणलेली. नव्या घरात शोभत नाही म्हणून मी ती भंगारात घातली आणि भुश्श्याच्या दाबलेल्या फळ्यांचा 'मॉडर्न' सोफा आणला. कोल्हापूरच्या दोन पावसाळ्यांत फळ्या फुगल्या, कडेची पट्टी सुटली. खुर्चीची निवार मात्र वडील दर चार-पाच वर्षांनी स्वतः बदलत, तेवढ्यावर ती तीस वर्षे टिकली होती.

म्हणून फर्निचर घेताना चकाकी पाहण्याआधी तीन प्रश्न विचारा. बसणाऱ्याच्या पाठीला आराम आहे का? ते कशाचे आहे हे उघड दिसते का, की वरच्या कागदाने लपवले आहे? आणि मोडले तर गल्लीतल्या कारागिराला दुरुस्त करता येईल का? तिन्हींचे उत्तर 'हो' आले, तर ती वस्तू मॉडर्न आहे, मग ती माळ्यावर पडलेली आजोबांची खुर्ची का असेना. ती भंगारवाल्याला देण्याआधी एकदा खाली काढून, पुसून, तिच्यावर बसून पाहा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)