घरगुती चित्रफितींची तबकडी

लग्न, बारसे, मुलाची पहिली पावले यांच्या जुन्या चित्रफिती काळाबरोबर झिजत जातात. त्यांचे चित्रण संगणकावर घेऊन डीव्हीडीवर उतरवताना दृश्याचा दर्जा बराचसा संकेतन करणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असतो. सामान्य डीव्हीडी प्लेअरसाठी चित्रण एमपेग-२ या पद्धतीने संकेतित करावे लागते. म्हणून एमपी४ फाइल देणारे हँडब्रेक, एरवी उत्तम असूनही, येथे निरुपयोगी ठरते.

एकपदरी तबकडीत ४.७ गिगाबाइट जागा असते. दोन तासांच्या चित्रणास ध्वनीसह दर सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट मिळतात. चार तास कोंबले, तर हा वाटा निम्म्यावर येतो आणि वरातीत नाचणाऱ्यांच्या चेहऱ्यांचे चौकोनी ठोकळे दिसू लागतात. अशा वेळी दोन तबकड्या वापरणेच शहाणपणाचे.

सॉफ्टवेअर दोन फेऱ्यांत संकेतन करणारे असावे. पहिल्या फेरीत ते संपूर्ण चित्रण तपासते. दुसरीत स्थिर दृश्यांतून वाचलेली जागा धावपळीच्या दृश्यांना देते. वेळ अधिक लागतो, परंतु बारसे काही पुन्हा होत नसते! एफएफएमपेग हे विनामूल्य सॉफ्टवेअर हे काम करते. मात्र त्याला आज्ञा टंकित करून द्याव्या लागतात. निवड पक्की करण्यापूर्वी सर्वांत गडबडीच्या दृश्याचा एक मिनिटाचा तुकडा संकेतित करून दूरदर्शन संचावर पाहावा.