हुकमाने मिळालेली मोकळीक

२०१० साल सरत असताना ग्वांगझोउमधल्या झांग श्याओलोंग यांनी रात्री उशिरा कंपनीचे सर्वेसर्वा मा ह्वातेंग यांना एक ईमेल पाठवला. झांग टेन्सेंट कंपनीची ईमेल सेवा सांभाळत. मोबाइलवरून फुकट निरोप पाठवणारी नवी अ‍ॅप परदेशात जोर धरत होती आणि तसे काहीतरी आपणही करावे, असे त्यांचे म्हणणे होते. खरे तर हा त्यांचा प्रांत नव्हे. शिवाय टेन्सेंटचा डोलारा उभा होता तो ‘क्यूक्यू’ या तिच्याच संदेशसेवेवर, आणि नवे अ‍ॅप तिचीच गिऱ्हाइके पळवणार हे उघड होते. तरी मा यांनी लगेच होकार कळवला. कंपनीतले दुसरे गटही अशाच अ‍ॅपच्या मागे होते, त्यांनाही कोणी अडवले नाही. २१ जानेवारी २०११ रोजी झांग यांच्या छोट्याशा चमूचे ‘वीचॅट’ आले. आज चीनमध्ये भाजीचे पैसेसुद्धा त्यावरून चुकते होतात.

एकाच अ‍ॅपमागे अनेक गट सोडण्याच्या या पद्धतीला टेन्सेंटमध्ये घोड्यांची शर्यत म्हणतात. हरलेल्या चमूंनी जागवलेल्या रात्रींचा हिशेब मात्र यशोगाथांमध्ये सापडत नाही.

चीनमधल्या सगळ्याच कचेऱ्या अशा चालतात, असे मात्र समजू नये. तिथला साहेब कसा असतो याचे बरेच नावाजलेले वर्णन जिंग-ली फार आणि बोर-श्युआन चेंग या अभ्यासकांनी २००० साली केले. हा साहेब घरातल्या कर्त्या वडीलधाऱ्यासारखा वागतो. त्याच्या वागण्याला तीन पदर असतात: धाक, माया आणि स्वतःची सचोटी. तो आपला शब्द खाली पडू देत नाही, पण हाताखालच्या माणसाच्या घरी आजारपण आले तर विचारपूसही तोच करतो. पुढच्या अभ्यासांचा कल साधारण एकाच बाजूला झुकतो. माया आणि सचोटी दिसली की माणसे नव्या कल्पना घेऊन पुढे येतात. नुसता धाक असला की साहेबांची री ओढतात आणि पाट्या टाकतात. चारचौघांत वरिष्ठाची चूक काढणे म्हणजे त्याचा पाणउतारा, ही समजूत तिथे खोल रुजलेली आहे. त्यामुळे बैठकीत साहेब बोलतात, बाकीचे वहीत टिपून घेतात.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने यातला बारकावा दाखवला. ‘असे करून पाहू या’ म्हणायला कंपनीबद्दलची बांधिलकी बरेच बळ देते. ‘हे चुकते आहे’ म्हणायला मात्र बोलल्याबद्दल आपल्यावर काही शेकणार नाही, याची खात्री लागते.

धाकाने काहीच साधत नाही म्हणावे, तर हायर कंपनी आडवी येते. पुण्याजवळ रांजणगावला जिचा कारखाना आहे, तीच ही. डिसेंबर १९८४ मध्ये झांग रुईमिन छिंगदाओच्या कर्जबाजारी फ्रिज कारखान्याचे, म्हणजे पुढच्या हायरचे, प्रमुख झाले, तेव्हा कारखान्याच्या आत लघवी-संडास करू नये, असा नियम त्यांना लावावा लागला. पुढच्याच वर्षी ७६ सदोष फ्रिज निघाले. एका फ्रिजची किंमत कामगाराच्या जवळपास दोन वर्षांच्या पगाराइतकी. स्वस्तात कामगारांनाच विकून टाका, अशी सूचना आली. झांग यांनी ते कामगारांच्याच हातांनी घण घालून फोडायला लावले. त्यातला एक घण आता बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

शिस्त आली, दर्जा आला. पण नवी वस्तू सुचायला वेगळेच काही लागते. १९९६ मध्ये सिछ्वान प्रांतातल्या एका शेतकऱ्याने तक्रार केली, वॉशिंग मशीनचा पाइप सारखा तुंबतो. पाहिले तर तो त्यात रताळी धूत होता! पाइप साफ करून आणि ‘यात कपडेच धुवा’ असे बजावून विषय मिटवता आला असता. हायरने १९९८ मध्ये रताळी धुणारे मशीनच बाजारात आणले.

अशी तक्रार वरपर्यंत पोचायची तर मध्ये साहेबांच्या किती पायऱ्या? झांग यांनी २००५ पासून कारभाराची नवी घडी बसवायला घेतली. पुढे मधल्या फळीतली दहा हजारांहून अधिक पदे गेली. त्या माणसांपुढे पर्याय दोनच: कंपनीतच छोटा उद्योग उभारा, नाहीतर बाहेर पडा. अशा चिमुकल्या उद्योगांची संख्या काही हजारांवर गेली. लॅपटॉप विभागातल्या तिघा तरुणांनी ऑनलाइन दुकानांवरच्या गेमिंग लॅपटॉपबद्दलच्या सुमारे ३०,००० तक्रारी चाळल्या, त्यातून तेरा दुखणी वेगळी काढली आणि ‘थंडरोबॉट’ हा लॅपटॉप बनवला. त्याची पुढे वेगळी कंपनी झाली.

गंमत अशी, की ही मोकळीकसुद्धा वरूनच आली. घण हाती देणारा आणि मधल्या खुर्च्या काढून घेणारा माणूस एकच. हुआवे या दूरसंचार कंपनीतही तेच. तिचे संस्थापक रेन झेंगफेई मूळचे लष्करातले अभियंता. २०१७ मध्ये एका कर्मचाऱ्याने कंपनीच्या अंतर्गत चर्चापीठावर कामातला खोटेपणा स्वतःच्या नावानिशी उघड केला. रेन यांनी त्याला दोन पायऱ्यांची बढती दिली आणि त्याच्यावर कोणी सूड उगवू नये, याचाही बंदोबस्त केला. खरे बोलणाऱ्याला थेट संस्थापकाचे संरक्षण लागावे, यात कौतुक किती आणि कबुली किती, हे वाचकाने ठरवावे.

झांग श्याओमेंग आणि कॅथरिन बार्टोल यांनी २०१० मध्ये चीनमधल्या एका मोठ्या आयटी कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अधिकार वाटून देणाऱ्या साहेबाच्या हाताखाली माणसाला आपले काम मोलाचे वाटते आणि तो प्रश्नाच्या मुळाशी जाण्यात अधिक डोके घालतो, असे त्यात दिसले. डोके घालायला अर्थातच वेळ आणि उसंत हवी. सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस राबणाऱ्यांकडे ती कुठून यायची? २०१९ मध्ये अलीबाबाचे संस्थापक जॅक मा यांनी या वेळापत्रकाला भाग्य म्हटले, तेव्हा टीकेची झोड उठली. ऑगस्ट २०२१ मध्ये चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा असल्याचे स्पष्ट केले. त्याच महिन्यापासून टिकटॉकच्या बाइटडान्स कंपनीने एकाआड एक रविवारी काम करण्याची प्रथा बंद केली. हा आदेशही वरूनच आला, आणि काही कर्मचारी चक्क खट्टू झाले. रविवारच्या कामाचा जादा पगार आता बुडणार होता.