विश्लेषण : रिपोर्टमध्ये ‘हर्पीस पॉझिटिव्ह’, म्हणजे नेमके काय?

गरोदरपणात अनेकींना ‘टॉर्च’ ही रक्ततपासणी सांगितली जाते. रिपोर्टमध्ये ‘हर्पीस आयजीजी पॉझिटिव्ह’ असे छापून आले की घरात धसका बसतो. कुणाला ती नागीण वाटते, तर कुणी थेट बाईच्या चारित्र्यावर शंका घेते. खुलताबादसारख्या तालुक्याच्या गावातून हा कागद घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’ रुग्णालयाची वाट धरण्यापूर्वी तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजून घ्यायला हवे.

हर्पीस म्हणजे नागीणच का?

नाही. माणसाला बाधा करणारे हर्पीस गटातील नऊ विषाणू आहेत. कांजिण्या आणि नागीण त्यातील एकामुळे होतात. तापानंतर ओठाच्या कडेला पाण्याच्या बारीक पुळ्या येतात, त्या ‘एचएसव्ही-१’मुळे. ‘एचएसव्ही-२’ प्रामुख्याने शरीरसंबंधांतून पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांना, म्हणजे ६४ टक्क्यांना, ‘एचएसव्ही-१’ची बाधा आहे. ती बहुतेकांना लहानपणीच होते. अनेकांना लक्षणेही दिसत नाहीत.

प्रयोगशाळा विषाणू कसा ओळखते?

विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी तयार करते. प्रत्येक अँटीबॉडी विषाणूच्या ठरावीक भागालाच चिकटते. हाच गुण प्रयोगशाळेत वापरला जातो. विषाणूचे प्रथिन उंदराला टोचून त्याच्या अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी घेतात आणि त्या न थांबता वाढणाऱ्या कर्कपेशींशी जोडतात. मग एकाच जातीची अँटीबॉडी हवी तितकी मिळते. ही पद्धत कोलर आणि मिलस्टाईन यांनी १९७५ मध्ये मांडली. त्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल मिळाले. अशा अँटीबॉडीला चमकणारा रंग जोडून ती पुळीतून घेतलेल्या पेशींवर सोडतात. विषाणू असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी चमकतात.

मग घोळ कुठे होतो?

‘एचएसव्ही-१’ आणि ‘एचएसव्ही-२’ची अनेक प्रथिने इतकी सारखी आहेत, की एकासाठीची अँटीबॉडी दुसऱ्यालाही चिकटू शकते. दोघांत ठळक फरक आहे तो ‘ग्लायकोप्रोटीन जी’ या प्रथिनात. त्यामुळे प्रकार ओळखायचा असेल तर चाचणी त्यावर आधारलेली हवी. शिवाय बाजारातील अनेक अँटीबॉडींच्या बाटलीवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे लिहिलेले असते. त्या रुग्णाच्या निदानासाठी नसतात. निदानाचे किट भारतात २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात.

रक्ताचा रिपोर्ट काय सांगतो?

इथे दिशा उलटी असते. रक्ततपासणी विषाणू शोधत नाही. शरीराने बनवलेली अँटीबॉडी शोधते. ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ म्हणजे आयुष्यात कधीतरी विषाणूशी गाठ पडली होती, एवढेच. ती कधी पडली, कुणाकडून पडली, हे त्यातून कळत नाही. टॉर्चमध्ये दोन्ही प्रकार एकत्र मोजले असतील तर तो ओठावरचा विषाणू की दुसरा, हेही कळत नाही. ‘आयजीएम’ नव्या संसर्गाची खूण मानली जाते. पण हर्पीसमध्ये ती जुना संसर्ग पुन्हा उफाळल्यावरही दिसू शकते. म्हणूनच अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने लक्षणे नसलेल्यांची सरसकट तपासणी नको असे म्हटले आहे.

काय करावे?

केवळ ‘पॉझिटिव्ह’ या शब्दावर गर्भपाताचा विचार करू नये आणि संसारात संशयही आणू नये. रिपोर्ट स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावा. पुळ्या किंवा फोड ताजे असतील तर त्यातील द्रवाची पीसीआर तपासणी अधिक भरवशाची असते. जननेंद्रियावर फोड येत असतील, विशेषतः बाळंतपणाचे दिवस जवळ आले असतील, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. प्रसूतीच्या वेळी विषाणू बाळाला लागला तर ते जिवावर बेतू शकते. वेळेत कळले तर असायक्लोव्हिरसारखी औषधे आहेत आणि गरज पडल्यास सिझेरियनचा मार्गही आहे. जुन्या रिपोर्टच्या आकड्यापेक्षा आईने लाज न बाळगता सांगितलेले लक्षण बाळासाठी जास्त मोलाचे ठरते.