पानाने घातलेले कोडे

1861 साली निकोल डाल्झेल आणि अलेक्झांडर गिब्सन यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पण सह्याद्रीचे सारे धन त्यात मावले नव्हते.

जुन्नर परिसरातील उभ्या कड्यांवर, माती जेमतेम बोटभर असलेल्या कपारींत एक मांसल वनस्पती तग धरून होती. लोक तिला शिंदळ माकुडी म्हणत. ती हाती आली आणि वनसंरक्षक डाल्झेल चक्रावले. पाच पाकळ्यांची गर्द तांबडी चांदणी, तिच्यावर पिवळे ठिपके, माश्यांना खेचणारा दर्प: सारी लक्षणे स्टॅपेलिया गटाची. पण त्या गटातल्या वनस्पतींची खोडे बोडकी. आपल्याकडचे माकडशिंगही तसेच. इथे मात्र फांदीफांदीवर जाड, हिरवीगार पाने! अखेर 1865 मध्ये त्यांनी तिच्यासाठी स्वतंत्र प्रजातीच उभी केली आणि गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटले.

कोडे सुटले असे वाटले. प्रत्यक्षात ते तिथेच सुरू झाले. कडे दुर्गम, रोपे मोजकी. जगातील सर्वाधिक संकटग्रस्त बारा वनस्पतींत तिची गणना होण्यापर्यंत वेळ आली. तरीही अभ्यासकांनी चिकाटी सोडली नाही. शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड असे कडे धुंडाळत त्यांनी तिची ठिकाणे शोधली. उन्हाळ्यात पाने गळाली की तीच वनस्पती आपल्या बिनपानी भाऊबंदांसारखी दिसे. मग पानांवरून तिला वेगळे काढणे कितपत खरे? 1958 मध्ये गॉर्डन राउली यांनी तिला थेट ‘कॅरालुमा’ या बिनपानी प्रजातीत नेले. वाद पेटला, निर्णायक पुरावा मात्र कुणापाशीच नव्हता.

तो 2002 मध्ये हाती लागला. जर्मनीतील उलरिख मेवे आणि सिग्रिड लीडे यांनी या साऱ्या गोतावळ्याचे डीएनए ताडून पाहिले आणि वंशवृक्ष उलगडला. जवळजवळ दीड शतक एकटी उभी असलेली फ्रेरिया ‘बाउसेरोशिया’ या बिनपानी प्रजातीच्या ऐन मध्यात जाऊन बसली! पूर्वजांनी टाकून दिलेली पाने या एकाच जातीने पुन्हा धारण केली असावीत. 2017 मध्ये तर स्टॅपेलियाचा हा अख्खा गटच ‘सेरोपेजिया’त, म्हणजे खरचुडीच्या प्रजातीत, सामावण्याचा प्रस्ताव आला. नावाचा वाद अजून धगधगतो आहे.

डाल्झेल यांची नजर चुकली नव्हती. पाने खरीच होती. चुकला तो पानांवरून काढलेला अर्थ, आणि तो पुराव्यानिशी खोडून काढायला 137 वर्षे लागली.