अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सल्ला देताना

कृषी विज्ञान केंद्रातील विषयतज्ज्ञाकडे शेतकरी बहुधा किडीने खाल्लेले पान घेऊन येतो. मे-जूनमध्ये मात्र त्याच्यासोबत मुलगा किंवा मुलगी असते आणि प्रश्न निराळा असतो: “साहेब, पोराला इंजिनिअरिंगची आवड आहे, काय करावं?” कधी विचारणारा स्वतःच मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला असतो आणि शेतीकडे वळता येईल का, हे त्याला जाणून घ्यायचे असते. ‘आधी नोकरी बघ, शेतीचे नंतर पाहू’ असे उत्तर सवयीने दिले जाते. त्या उत्तरामुळे शेतीला हवा असलेला एक अभियंता कायमचा दुरावू शकतो.

अशा अभियंत्याची उणीव पीक संरक्षणात पदोपदी जाणवते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. चर्चा मुख्यतः कीटकनाशकांची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु उंच वाढलेल्या कपाशीतून चालणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात तुषार जाणार नाहीत असा पंप आणि सप्टेंबरच्या उन्हात अंगावर सहन होईल असा संरक्षक पोशाख, हे प्रश्न अभियांत्रिकीचेही आहेत. ड्रोनचेही तसेच. ड्रोन एकरी सुमारे १० लिटर पाण्यात फवारणी करतो आणि थेंब वरून पडतात. पांढरी माशी मात्र पानाच्या खालच्या बाजूस बसते. थेंबाचा आकार, उड्डाणाची उंची आणि पंख्यांच्या झोताने पान किती उलटते, याचा हिशेब कीटकशास्त्रज्ञ एकटा मांडू शकत नाही.

उलट बाजूही विद्यार्थ्याला सांगावी. लुधियाना येथील पंजाब कृषी विद्यापीठात विकसित झालेल्या हॅपी सीडरमुळे भाताचे अवशेष न जाळता त्यांतच गव्हाची पेरणी करता येऊ लागली. धुराच्या प्रश्नावर हा मोलाचा उपाय आहे. मात्र पुढे अशा काही शेतांत भातावरील गुलाबी खोडकिडीचा उपद्रव गव्हावर आढळला. अवशेष शेतात राहिले, तसा किडीचा आसराही राहिला. म्हणून यंत्र नाकारायचे नसते. गव्हाच्या सुरुवातीच्या वाढीत पाहणी वाढवायची असते. यंत्र बनवणाऱ्याला किडीचे जीवनचक्र ठाऊक असावे, ते याचसाठी.

आता मार्गांविषयी. बारावी झालेल्यांसाठी कृषी अभियांत्रिकीची चार वर्षांची बी.टेक. पदवी आहे. ‘शेतीचाच अभ्यासक्रम’ समजून काही जण अकरावीतच गणित सोडतात आणि मग दार बंद झाल्याचे कळते. हा इशारा दहावीच्या निकालानंतरच द्यावा. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांत हे शिक्षण मिळते. राज्याबाहेर खरगपूर, लुधियाना, पंतनगर, कोईमतूर ही नावे जाणती आहेत. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कोट्यातील जागांसाठी २०२३ पासून सीयूईटीचे गुण धरले जातात. पदवीनंतर गेट परीक्षेत कृषी अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. संशोधनाकडे जाणाऱ्यांना पदव्युत्तर शिक्षणानंतर कृषी संशोधन सेवेत शेती यंत्रे व शक्ती हा स्वतंत्र विषय उपलब्ध असतो. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स वा संगणक शाखेत आधीच असलेल्याने शिक्षण अर्धवट सोडण्याचे कारण नाही. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प शेतातला निवडावा. पुढील प्रवेशाच्या अटी संस्थेनुसार बदलतात, त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहाव्यात.

ड्रोन चालवण्याचे प्रमाणपत्र म्हणजे अभियांत्रिकीतील कारकीर्द, असा एक समज सध्या पसरला आहे. त्या प्रमाणपत्रासाठी वय १८ पूर्ण आणि शिक्षण दहावी पुरते. जोडधंदा म्हणून ते उत्तमच. पण चार वर्षांची पदवी घेणाऱ्याने तेवढ्यावर थांबणे हा तोट्याचा व्यवहार. शासकीय पदे मोजकी आहेत, हेही लपवू नये. यंत्रनिर्मिती, सूक्ष्म सिंचन, अन्नप्रक्रिया आणि अवजारे भाड्याने देणारी केंद्रे येथे वाव आहे, तरी सुरुवातीचे वेतन प्रत्येकाला समाधान देईलच असे नाही. पालक समोर बसलेले असताना हे बोलणे अवघड जाते, तरीही बोलावे.

आवड खरी की ऐकीव, हे विद्यार्थ्याचे त्यालाच कळण्यासाठी एक छोटे काम देता येते. घरातला पाठीवरचा पंप घ्यावा, त्यात साधे पाणी भरावे, एकाच दाबाने एक मिनिट नोझलमधून पडणारे पाणी मोजपात्रात धरावे. मग नवे, त्याच प्रकारचे नोझल लावून पुन्हा मोजावे. जुन्याचा प्रवाह नव्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक निघाला, तर ते झिजले आहे, बदलायला हवे. गावातील दहा पंपांची अशी नोंद करून, ती वही घेऊन त्याने पंधरा दिवसांनी पुन्हा केंद्रात यावे. पुढचे बोलणे त्या वहीवरून सुरू करता येईल.