विश्लेषण : सीनियरचे प्रोग्रॅमिंगचे जुने पुस्तक चालेल का? कोणते घ्यावे, कोणते टाळावे?

इंजिनीअरिंग, बीसीएस, बीसीएचे प्रवेश झाले की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांची शोधाशोध सुरू होते. सीनियरकडून निम्म्या किमतीत मिळालेले पुस्तक घेऊन विद्यार्थी घरी येतो, पहिलाच प्रोग्रॅम टाइप करतो आणि स्क्रीनवर एररची रांग लागते. ‘आपल्याला कोडिंग जमणार नाही,’ असे त्याला वाटू लागते. अनेकदा दोष त्याचा नसतो, पुस्तकाच्या वयाचा असतो.

पुस्तकातला प्रोग्रॅम चालत का नाही?

बोरलँड कंपनीचा ‘टर्बो सी’ हा कम्पायलर १९८७ मध्ये, डॉसच्या जमान्यात आला. आपल्याकडच्या अनेक कॉलेजांत तो पुढे कित्येक वर्षे वापरात राहिला आणि पुस्तकेही त्याला धरूनच लिहिली गेली. त्यातली ‘कॉनिओ’ ही हेडर फाइल किंवा स्क्रीन पुसणारे फंक्शन प्रमाण सी भाषेचा भाग नाही. त्यामुळे लिनक्सवरचा जीसीसी कम्पायलर ते ओळखतच नाही.

एरर न देता उत्तर बदलले तर?

हा धोका जास्त मोठा. टर्बो सीमध्ये ‘इंट’ दोन बाइटचा असतो, म्हणजे त्यात कमाल ३२,७६७ मावतात. तिथे ३०,००० आणि १०,००० यांची बेरीज उणे २५,५३६ दिसते. आजच्या संगणकांवर ‘इंट’ बहुधा चार बाइटचा असल्याने ४०,००० हेच उत्तर मिळते. पायथनमध्येही तसेच. पाचला दोनने भागल्यावर पायथन २ मध्ये २ येतात, पायथन ३ मध्ये २.५. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० रोजी संपला.

मग जुनी पुस्तके रद्दीत द्यायची का?

नाही. टूल शिकवणारे पुस्तक लवकर शिळे होते, संकल्पना शिकवणारे टिकते. कर्निगन आणि रिची यांच्या सीवरील पुस्तकाची दुसरी आवृत्ती १९८८ ची आहे, तरी भाषेचा गाभा समजून घ्यायला ती आजही उपयोगी पडते. कॉर्मेन आणि सहलेखकांच्या अल्गोरिदमवरील पुस्तकाची चौथी आवृत्ती २०२२ मध्ये आली. पण सॉर्टिंग किंवा ग्राफ शिकायला तिसरी, सेकंडहँड आवृत्तीही पुरते.

घेण्यापूर्वी काय तपासायचे?

आधी आवृत्ती आणि वर्ष. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’च्या अनेक आवृत्त्या निघाल्या आहेत. नाव तेच असले तरी हातातली प्रत कोणती, हे पाहावे. मग पहिला प्रोग्रॅम पाहा. ‘व्हॉइड मेन’ किंवा ‘कॉनिओ’ दिसले तर पुस्तक टर्बो सीच्या वळणाचे आहे. शेवटी धड्याखालचा स्वाध्याय पाहा. स्वतः प्रोग्रॅम लिहायला लावणारे प्रश्न हवेत. ‘लोकल ऑथर’च्या पुस्तकातले आयएमपी प्रश्न पेपरला कामी येतात. पण मुलाखतीत समोर कोरा कागद ठेवतात, तेव्हा पाठांतर पुरत नाही.

पैसे नसतील तर?

काही उत्तम पुस्तके लेखक-प्रकाशकांनीच इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत, त्यासाठी पायरेटेड पीडीएफची गरज नाही. नवशिक्यांसाठी ॲलन डाउनी यांचे ‘थिंक पायथन’ आहे. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्राध्यापकांचे ‘थ्री ईझी पीसेस’ आहे. इंग्रजी जड जात असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर सी आणि पायथनचे धडे मराठीतून ऐकता येतात. एआयसीटीईच्या ‘ई-कुंभ’ पोर्टलवर मराठीतली तांत्रिक पुस्तकेही मोफत मिळतात.

जुने पुस्तक आधीच घेतले असेल तर?

टाकू नका. ‘व्हॉइड मेन’चे ‘इंट मेन’ करा, ‘कॉनिओ’ची ओळ आणि स्क्रीन पुसणारी, की दाबायची वाट पाहणारी फंक्शन्स काढा. सुरुवातीच्या धड्यांतले बरेच प्रोग्रॅम एवढ्यावर चालू लागतात. मात्र कॉलेजच्या लॅबमध्ये अजून टर्बो सीच असेल, तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेसाठी दोन्ही पद्धती वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवा.